पदरमोड करून खेळणारे

२०१७ चा डिसेंबर महिना. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावी, युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाचा अमेरिकन फुटबॉल संघ रोझ बोलच्या तयारीला लागला होता. १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना होता आणि समोर ओक्लाहोमा. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, बेकर मेफिल्ड त्याच महिन्यात हाइजमन करंडक घेऊन आला होता. कॉलेज फुटबॉलमध्ये त्याहून मोठा वैयक्तिक मान नाही. अशा खेळाडूला अडवायचं तर त्याच्यासारखं खेळणारं कुणीतरी रोजच्या सरावात समोर हवं. ते काम पहिल्या वर्षाच्या एका मुलाकडे आलं. त्याचं नाव स्टेट्सन बेनेट.

बेनेट जॉर्जियातल्याच ब्लॅकशिअर नावाच्या छोट्या गावचा. मेफिल्ड दबाव आला की कुठल्या अंगाला निसटतो, पळता पळता चेंडू कसा फेकतो, हे सगळं उचलून तो आपल्याच संघाच्या बचावफळीला रोज दमवत होता. जॉर्जियानं तो सामना दोनदा जादा वेळ खेळून ५४-४८ असा जिंकला. बेनेटला मात्र त्या सामन्यात खेळायची संधी मिळाली नाही, ती मिळावी अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

ज्याची नक्कल होत होती तो मेफिल्ड आणि नक्कल करणारा बेनेट, दोघेही कॉलेज फुटबॉलमध्ये एकाच दारातून आले होते. दोघेही ‘वॉक-ऑन’. विद्यापीठानं खेळासाठी शिष्यवृत्ती देऊन बोलावलेलं नाही, आणि तरी स्वतःची फी भरून, निवडचाचणी देऊन किंवा प्रशिक्षकाच्या नुसत्या होकारावर जो संघात दाखल होतो, त्याला तिकडे वॉक-ऑन म्हणतात. शिष्यवृत्तीच्या खेळाडूची फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं विद्यापीठ करतं. वॉक-ऑन तेवढाच घाम गाळतो, तेवढाच मार खातो आणि सत्राच्या सुरुवातीला घरच्यांच्या पैशानं किंवा कर्ज काढून फी भरतो.

पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून एम.एस. करायला गेलेली आपली मुलं याच विद्यापीठांच्या आवारात राहतात. हिवाळा सुरू व्हायच्या आधीचे शनिवार तिथे कसे असतात, गाव एका रंगाचे शर्ट घालून स्टेडियमकडे कसं लोटतं, हे त्यांनी पाठवलेल्या फोटोंमधून अनेक मराठी घरांत पोचलेलं आहे. त्या स्टेडियममध्ये हेल्मेट घालून उभ्या राहिलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं परवापरवापर्यंत पदरमोड करून खेळत होती, हे मात्र फोटोंत दिसत नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे. वॉक-ऑन म्हणजे संघाच्या कडेला उभी असलेली हौशी मंडळी नव्हेत. त्यांच्याविना हा खेळ आज आहे तसा उभाच राहिला नसता. २०२५ मध्ये न्यायालयातून मंजूर झालेल्या एका तडजोडीनं त्यांची जागा आक्रसली आहे, आणि ही मला चूक वाटते.

आधी खेळाची थोडी ओळख. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानात एका वेळी अकराच खेळाडू असतात, पण संघ अकरांचा नसतो. चेंडू आपल्याकडे असताना खेळणारी आक्रमणाची फळी वेगळी, तो समोरच्याकडे असताना उतरणारी बचावाची फळी वेगळी, आणि चेंडूला लाथ मारण्याच्या प्रसंगांसाठी तिसरी तुकडी. शिवाय धडकाधडकीचा हा खेळ. हंगाम जसा पुढे सरकतो तसे गुडघे, खांदे, घोटे जायबंदी होतात आणि प्रत्येक जागेला दुसरा, तिसरा, कधी चौथा माणूस लागतो. वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाला फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्या देता येत होत्या. एवढ्यात संघ जेमतेम बसतो, पण सराव बसत नाही. म्हणून याद्या १२० च्या वर जायच्या, आणि वरचे सगळे वॉक-ऑन.

सराव का बसत नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण वॉक-ऑनची किंमत तिथेच कळते. शनिवारी सामना असतो. मंगळवार-बुधवारी मुख्य बचावफळीला येत्या प्रतिस्पर्ध्याचं आक्रमण प्रत्यक्ष समोर बघावं लागतं. ते दाखवणारी जी तुकडी असते तिला स्काउट टीम म्हणतात. सहायक प्रशिक्षक जाड पुठ्ठ्यावर प्रतिस्पर्ध्याची चाल काढून समोर धरतो, कोण कुठे उभा राहील, कोण कुठे पळेल, आणि स्काउट टीमची मुलं काही सेकंदांत ते वाचून तसं खेळून दाखवतात. मग दुसरा पुठ्ठा. पुढच्या आठवड्यात प्रतिस्पर्धी बदलला की पुन्हा कोऱ्या पाटीपासून सुरुवात. आपल्या क्रिकेट संघाला नेट्समध्ये गोलंदाजी करणारी स्थानिक पोरं जे काम करतात तेच हे, फरक इतकाच की इथे समोरून येणारा चेंडू नसून सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस असतो.

स्काउट टीममधल्या मुलाला दर आठवड्याला दुसऱ्याचा खेळ शिकावा लागतो. स्वतःच्या संघाची चालींची वही त्याला पाठ हवी आणि समोरच्याचीही यायला हवी. जो या कामात हयगय करतो त्याच्यामुळे मुख्य फळी शनिवारी गाफील सापडते. म्हणून जाणते प्रशिक्षक दर आठवड्याला स्काउट टीममधला उत्तम खेळाडू निवडून सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतात. टीव्हीवर सामना पाहणाऱ्याला ही मेहनत दिसत नाही. बाहेरगावच्या सामन्यांना ठरावीकच खेळाडू नेता येतात, तेव्हा आठवडाभर खपलेली ही मुलं वसतिगृहात बसून आपलाच संघ टीव्हीवर पाहतात. आपल्याकडे याला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. त्या भाकऱ्यांवर लष्कर चालतं, एवढं मात्र विसरू नये.

ही व्यवस्था कशी रुजली हे पाहायचं तर नेब्रास्काला जावं लागतं. अमेरिकेच्या मध्यावरचं मक्याच्या शेतांचं हे राज्य. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, मोठी शहरं दोनच, ओमाहा आणि लिंकन. राज्यात बड्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे राज्याचा संघ म्हणजे लिंकनच्या विद्यापीठाचा संघ. तिथल्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत, आणि सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे लोकसंख्येनं राज्यातलं तिसरं शहर होतं असं तिथले लोक अभिमानानं सांगतात.

१९६२ मध्ये तिथे बॉब डेव्हनी प्रशिक्षक म्हणून आले. शिष्यवृत्ती नसलेल्या गावोगावच्या मुलांना संघाचं दार उघडं ठेवायची पद्धत त्यांनी पाडली. त्या काळी शिष्यवृत्त्यांवर पुढे आलं तसं राष्ट्रीय बंधन नव्हतं. श्रीमंत विद्यापीठं वाटेल तितक्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन बांधून ठेवत. काहींना तर ती प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नयेत एवढ्याचसाठी घेतलं जाई. १९७३ मध्ये एनसीएए या नियामक संस्थेनं फुटबॉलला १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली. १९७८ मध्ये ती ९५ झाली आणि १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्यानं ८५ वर आली. हा १०५ चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे, निराळ्या अर्थानं.

त्याच १९७३ साली डेव्हनींच्या जागी त्यांचे सहायक टॉम ऑस्बोर्न आले. मितभाषी माणूस, मानसशास्त्रातला डॉक्टरेट. शिष्यवृत्त्या कमी होणार म्हटल्यावर बाकीच्यांनी हात चोळले. ऑस्बोर्न यांनी हिशेब निराळा मांडला. नेब्रास्कातल्या पाच-सातशे वस्तीच्या गावांत दणकट बांध्याची, कष्टाला सरावलेली शेतकऱ्यांची मुलं आहेत. मोठ्या विद्यापीठांचे निरीक्षक त्या गावांपर्यंत पोचत नाहीत. राज्यातल्या रहिवाशांना सरकारी विद्यापीठाची फी कमी असते, म्हणजे घरच्यांना ती झेपू शकते. आणि त्या प्रत्येक मुलाला लहानपणापासून एकच लाल जर्सी घालायची असते. मग अशी मुलं डझनावारी घ्यायची आणि घडवायची.

घडवण्याचं साधन त्यांच्याकडे होतं. डेव्हनींच्या काळात, १९६९ मध्ये, नेब्रास्कानं बॉयड एप्ली नावाच्या तरुणाला वजनांच्या व्यायामाचा प्रशिक्षक नेमलं. एप्ली पोलव्हॉल्टचा खेळाडू, दुखापतीमुळे खेळ सुटलेला. त्या काळी वजनं उचलली की खेळाडू जड आणि मंद होतो अशी समजूत पक्की होती. एप्लींनी ती मोडून काढली आणि अमेरिकेतल्या कॉलेजांमधली वजनखोलीची संस्कृती तिथून पसरली. अठराव्या वर्षी अपुरा वाटणारा मुलगा चार-पाच वर्षांच्या शिस्तशीर व्यायामानं बाविसाव्या वर्षी कुठवर पोचू शकतो याचा अंदाज नेब्रास्काला इतरांआधी आला. ऑस्बोर्न यांनी सरावही एकाच वेळी अनेक ठिकाणी चालवायला सुरुवात केली, म्हणजे चौथ्या-पाचव्या फळीतल्या मुलालाही नुसतं उभं राहून बघावं लागत नसे. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. माणसं गोळा करणं सोपं असतं. त्यांना रोज खरं काम देणं अवघड, आणि ते जिथे होत नाही तिथे वॉक-ऑन वर्षभरात कंटाळून निघून जातात.

त्या दारातून कोण कोण आलं! आय. एम. हिप हा दक्षिण कॅरोलायनातून, नेब्रास्काचं नुसतं नाव ऐकून, कुणी न बोलावता लिंकनला येऊन थडकला. १९७७ च्या हंगामात तो चेंडू घेऊन १,३०० हून अधिक यार्ड पळाला. जिमी विल्यम्स वॉक-ऑन म्हणून आला आणि १९८१ मध्ये देशातल्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. ब्रेनर्ड या खेड्यातले माकोविका बंधू असेच आले, त्यांतला जोएल पुढे व्यावसायिक फुटबॉलही खेळला. ऑस्बोर्न यांनी २५ हंगामांत २५५ सामने जिंकले आणि १९९४, १९९५, १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्या संघांच्या फळ्यांमध्ये ठिकठिकाणी फी भरून आलेली गावाकडची मुलं होती. आपल्या शेजारच्या गावातल्या मुलाला त्या मैदानात उतरताना पाहणारा शेतकरी पुढची चाळीस वर्षं तिकीट काढतो, हा हिशेब कुठल्याही ताळेबंदात येत नाही, तरी तो खरा आहे.

डेव्हनींच्या हाताखाली खेळलेला बचावफळीतला एक खेळाडू, बॅरी अल्वारेझ, १९९० मध्ये विस्कॉन्सिनला प्रशिक्षक झाला. पहिल्या वर्षी अकरापैकी एकच सामना जिंकला. पण नेब्रास्कात पाहिलेलं त्यानं तिथे लावलं आणि चौथ्या हंगामात संघ रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून आला. पुढे विस्कॉन्सिनच्या दोन मुलांनी वॉक-ऑन या व्यवस्थेचं नाव देशभर केलं. जिम लेनर्ड टोनी नावाच्या गावचा, ज्याची वस्ती जेमतेम शंभर. उंचीनं कमी, म्हणून कुणी फारसं विचारलं नाही. त्यानं विस्कॉन्सिनसाठी प्रतिस्पर्ध्याचे २१ पास मधल्यामध्ये पकडले, विद्यापीठाच्या विक्रमाशी बरोबरी केली. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत त्याचं नाव पुकारलं गेलं नाही, तरी तो तिथे दहा हंगाम टिकला, आणि नंतर आपल्याच विद्यापीठात बचावफळीचा प्रशिक्षक झाला.

दुसरा जे. जे. वॉट. त्याची गोष्ट अधिक बोलकी, कारण त्यानं हातातली शिष्यवृत्ती सोडली. सेंट्रल मिशिगन विद्यापीठात तो २००७ मध्ये एक हंगाम खेळला. आपली जागा आक्रमणात नाही, बचावात आहे असं त्याला वाटू लागलं आणि तो घरी परतून विस्कॉन्सिनमध्ये वॉक-ऑन झाला. त्या काळात त्यानं पिझ्झा पोचवायची नोकरी केली. बदलीच्या नियमामुळे २००८ चा हंगाम खेळता येणार नव्हता, तेव्हा तो स्काउट टीममध्ये राबला आणि वर्षाअखेर त्या तुकडीतला सर्वोत्तम ठरला. २०११ मध्ये ह्यूस्टननं त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं. २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षं तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू होता.

अशी माणसं सुटतात कशी? देशभरचे निरीक्षक सतराव्या वर्षाच्या मुलांना तारे देतात, तीन तारे, चार तारे, पाच तारे. पण सतराव्या वर्षी काहींची वाढ पूर्ण झालेली असते आणि काहींची सुरूही झालेली नसते. लहान गावातला मुलगा लहान शाळांविरुद्ध खेळतो, त्याच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. कुणाला शाळेत भलत्याच जागी खेळवलेलं असतं. निवडीच्या यंत्रणेत या चुका कायमच्या आहेत, कितीही चित्रफिती पाहिल्या तरी. वॉक-ऑनची जागा म्हणजे ही चूक उशिरा का होईना दुरुस्त करायची सोय. विद्यापीठाला त्यासाठी फार थोडं द्यावं लागतं, बाकीचा धोका मुलगा आणि त्याचं घर पत्करतं.

हंटर रेनफ्रो क्लेमसन विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून आला तेव्हा फारच किरकोळ दिसायचा. ९ जानेवारी २०१७ ला अलाबामाविरुद्धच्या अंतिम सामन्यात एक सेकंद उरला असताना क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसननं फेकलेला चेंडू त्यानंच पकडला आणि क्लेमसन ३५-३१ नं विजेतं झालं. त्याला संघात ठेवणारे प्रशिक्षक डॅबो स्विनी हे स्वतः अलाबामाचे वॉक-ऑन होते, १९९२ च्या विजेत्या संघातले. मेफिल्ड तर दोनदा वॉक-ऑन झाला, आधी टेक्सस टेकमध्ये आणि मग ओक्लाहोमात. तेव्हाच्या नियमानुसार बिग ट्वेल्व्ह या गटात एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलं की खेळायचं एक वर्ष कापलं जाई. शिष्यवृत्ती न देणाऱ्या विद्यापीठानं मुलाला असं बांधून ठेवणं अन्यायाचं आहे, हे २०१६ मध्ये गटाच्या सदस्यांना एका फेरमतदानानंतर पटलं. नियम बदलला, म्हणून मेफिल्डला २०१७ चा हंगाम मिळाला आणि हाइजमन जिंकणारा तो पहिला वॉक-ऑन ठरला.

ब्रँडन बर्ल्सवर्थचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अर्कान्सातल्या हॅरिसन गावचा, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावून खेळणारा. अर्कान्सा विद्यापीठात शिष्यवृत्तीविना आला, पुढे संघाचा आधार झाला, शेवटचा सामना खेळायच्या आधी पदव्युत्तर पदवीही मिळवली. एप्रिल १९९९ मध्ये इंडियानापोलिसनं त्याला निवडलं आणि अकरा दिवसांनी मोटार अपघातात तो गेला. २०१० पासून देशातल्या सर्वोत्तम माजी किंवा आजी वॉक-ऑनला त्याच्या नावाचा करंडक दिला जातो. मेफिल्डनं तो जिंकला, पुढे बेनेटनंही.

बेनेटचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. २०१८ मध्ये तो जॉर्जिया सोडून मिसिसिपीतल्या एका लहान कॉलेजात गेला, पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीवर परत आला. १० जानेवारी २०२२ ला त्याच्या नेतृत्वाखाली जॉर्जियानं अलाबामाला ३३-१८ नं हरवून १९८० नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि पुढच्या जानेवारीत टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला ६५-७ असं धुऊन दुसरं.

या यशोगाथांनी एक नुकसानही केलं आहे. १९७५ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या रूडी रूटिगरला हंगामाच्या अखेरीस जॉर्जिया टेकविरुद्ध शेवटच्या काही क्षणांसाठी मैदानात पाठवलं, त्यानं क्वार्टरबॅकला पाडलं आणि साथीदारांनी त्याला खांद्यावर घेतलं. १९९३ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि वॉक-ऑन म्हणजे जिद्दीचा, अंगानं लहान, एक क्षण मिळाला की धन्य होणारा मुलगा, ही प्रतिमा लोकांच्या मनात घट्ट बसली. मला रूडीच्या जिद्दीबद्दल आदर आहे. पण त्या प्रतिमेमुळे वॉक-ऑनला उपकृत समजायची सवय लागली. हल्ली सराव-बैठकीत अचानक शिष्यवृत्ती जाहीर करण्याच्या चित्रफिती पसरतात. मुलगा रडतो, अख्खा संघ त्याच्यावर उड्या मारतो, फोनवर आईचा आवाज. तो आनंद शंभर टक्के खरा असतो. तो पाहताना त्याआधीची दोन-तीन वर्षं त्यानं फी कशी भरली असेल हेही आठवावं. एप्रिल २०१४ पर्यंत तर वॉक-ऑनला संघाबरोबर मोफत जेवायचीही पूर्ण मुभा नव्हती. त्या वर्षी एनसीएएनं सगळ्याच खेळाडूंना, वॉक-ऑन धरून, हवं तेवढं जेवण द्यायला परवानगी दिली. तोवर एकाच सरावातून घामाघूम होऊन बाहेर पडलेल्या दोन मुलांपैकी एक जेवणाच्या टेबलाकडे जाई आणि दुसरा स्वतःचं स्वतः बघे.

म्हणून या व्यवस्थेची निव्वळ आरती ओवाळणं मला मान्य नाही. फुकट राबवून घेणं हे फुकट राबवून घेणंच असतं. ज्याच्या घरी फी भरायची ऐपत नाही तो हुशार मुलगा या दारापर्यंत येऊच शकत नाही. २००४ मध्ये काही माजी वॉक-ऑननी सिएटलच्या संघीय न्यायालयात दावा लावला होता. विद्यापीठं आपसांत ठरवून शिष्यवृत्त्या ८५ वर रोखतात, हा स्पर्धाविरोधी कट आहे आणि त्यामुळे आम्हाला फी भरावी लागली, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांच्या वतीनं एकत्र खटला चालवायला परवानगी मिळाली नाही आणि तो बारगळला. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायला मोकळीक मिळाली, तेव्हा यूटामधल्या ब्रिगम यंग विद्यापीठात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनं सगळ्या ३६ वॉक-ऑनच्या फीएवढी रक्कम द्यायचं जाहीर केलं. दारं अशीही उघडता येतात.

आता २०२५ ची तडजोड. खेळाडूंनी एनसीएए आणि बड्या गटांविरुद्ध चालवलेल्या ‘हाउस’ खटल्यात ६ जून २०२५ ला ओकलंडच्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी समेट मंजूर केला. पूर्वीच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळणार, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटता येणार. हे व्हायलाच हवं होतं, आणि फार उशिरा झालं. त्याचबरोबर तडजोडीत सामील होणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा गेली आणि तिच्या जागी यादीची मर्यादा आली. फुटबॉलसाठी १०५. १९७३ मध्ये १०५ हा शिष्यवृत्त्यांचा आकडा होता, त्यावर वॉक-ऑन किती घ्यायचे याला धरबंध नव्हता. आता १०५ म्हणजे सगळे मिळून, त्यापलीकडे एकही नाही.

मंजुरीच्या आधीच अनेक विद्यापीठांनी मुलांना नारळ द्यायला सुरुवात केली होती. एप्रिलमधल्या सुनावणीत खेळाडूंनी आणि पालकांनी आक्षेप नोंदवले. न्यायाधीशांनी ते ऐकले, ही समाधानाची बाब. याचा उपाय केल्याशिवाय मी सही करणार नाही असं त्यांनी बजावलं. मग सुधारणा झाली, की या मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती त्यांना मर्यादेबाहेर ठेवता येईल. पण ठेवायचं की नाही ते विद्यापीठाच्या मर्जीवर. शिवाय ही सवलत तेव्हाच्या मुलांपुरती. त्यांची वर्षं संपली की संपली.

मर्यादेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. यादी मोकळी सोडली तर श्रीमंत विद्यापीठं साठच्या दशकासारखी माणसं साठवतील, वॉक-ऑन म्हणून दाखवतील आणि देणगीदारांकडून मागच्या दारानं पैसे देतील. १९७२ च्या समान संधीच्या कायद्यानुसार पुरुषांच्या फुटबॉलमधली प्रत्येक जागा महिलांच्या खेळांच्या तोलात मोजावी लागते, तोही ताण आहे. पण त्यावर उपाय करता येतो. ज्याला विद्यापीठाकडून किंवा त्याच्या देणगीदारांकडून पैसा मिळतो त्याला १०५ मध्ये मोजा. ज्याला कुणीच काही देत नाही अशा वीसेक मुलांना, त्यातही त्या राज्यातल्या शाळांतून आलेल्यांना, त्याबाहेर ठेवा. आणि फी भरायची ऐपत नसलेल्यांसाठी त्या दोन कोटी डॉलरांच्या शेजारी एक छोटा निधी उभा करा. एका चांगल्या क्वार्टरबॅकवर आज जेवढं उधळलं जातं त्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ ठरेल.

नाहीतर काय होईल ते दिसतंच आहे. १०५ जागांत प्रशिक्षक तयार माणूस शोधणार, दुसऱ्या विद्यापीठातून आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा, अंगापिंडानं भरलेला. चार वर्षं थांबून घडवायचा अठरा वर्षांचा मुलगा त्याला परवडणार नाही. लेनर्ड, हिप, रेनफ्रो यांच्यासारख्यांना निवडचाचणीपर्यंत पोचायलाच जागा उरणार नाही, आणि कोण सुटलं हे कुणाला कळणारही नाही, कारण न खेळलेल्या माणसाचे आकडे कुठेच नोंदले जात नाहीत.

खेळाडूंना पैसे देण्याचा निर्णय बरोबर आहे आणि त्यासाठी फी भरून खेळणाऱ्यांना बाहेर काढायची काहीच गरज नव्हती. या तडजोडीची मुदत दहा वर्षांची आहे. नेब्रास्कातल्या एखाद्या खेड्यात तडजोड मंजूर झाली तेव्हा आठ वर्षांचा असलेला मुलगा अठराचा होईपर्यंत यादीची हीच मर्यादा चालू राहील. ती त्याआधी बदलायला हवी, आणि ते विद्यापीठांच्या हातात आहे.